पडद्यावरचा चुना

बाळाचे कान टोचले की सोनार त्या भोकात लगेच सोन्याची तार अडकवतो. तार लवकर काढली तर भोक बुजते, हे घरातल्या आजीला कोणी सांगावे लागत नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांना १८०१ साली ही तारच सापडत नव्हती. नाकामागून कानात येणारी हवेची वाट ज्यांची बंद पडली आहे, अशा बहिऱ्या रुग्णांच्या कानाच्या पडद्याला त्यांनी बारीक छेद दिला आणि काही जणांना तिथल्या तिथे ऐकू येऊ लागले. या कामाबद्दल रॉयल सोसायटीने त्याच वर्षी त्यांना कोप्ले पदक दिले. पण आनंद टिकेना. छेद भरून येई, पडदा पुन्हा एकसंध होई आणि माणूस होता तिथे परत जाई.

हे भोक उघडे कसे ठेवायचे, याचे उत्तर मिळायला दीडशे वर्षे लागली. १८६८ मध्ये व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलिट्झर यांनी कडक रबराची कडी बसवून पाहिली. ती कल्पना चांगली होती, पण रुजली नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट गावी बेव्हर्ली आर्मस्ट्राँग या डॉक्टरांनी प्लॅस्टिकची इवलीशी नळी पडद्याच्या छेदात बसवली. तिचेच पुढचे रूप म्हणजे आजचे ग्रोमेट. ताडपत्रीच्या भोकात दोरी ओवण्यासाठी जी गोल कडी ठोकलेली असते, तिचेच हे इंग्रजी नाव. कडीला दोन्ही बाजूंनी ओठ असतात आणि पडदा त्या दोन ओठांच्या मध्ये अडकतो. जगभर लहान मुलांवर होणाऱ्या सर्वांत नेहमीच्या शस्त्रक्रियांत आज ही कडी बसवण्याची गणना होते.

ग्रोमेट बसवणे म्हणजे शरीराला एक विचित्र गळ घालणे. ही जखम सहा महिने, वर्षभर भरून आणू नकोस. आणि मग जेव्हा भरशील तेव्हा मागे काही ठेवू नकोस. पहिली गोष्ट शरीर नाइलाजाने मान्य करते. दुसरी बऱ्याचदा करत नाही. पडद्यावर पांढरा डाग उरतो. तो डाग पडूच नये म्हणून कानात स्टेरॉइडचे थेंब घालावेत का, हा या प्रकरणाचा विषय. प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही, कारण जे औषध वण थांबवते तेच औषध जखम भरणेही थांबवते.

आधी हा पडदा म्हणजे काय चीज आहे ते पाहू. त्याचा व्यास जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. एवढ्याशा जाडीत तीन थर बसवलेले असतात. बाहेरचा थर कातडीचा, आतला मध्यकर्णाच्या ओलसर अस्तराचा, आणि मधला, खरा कामाचा थर, तंतूंचा. त्यातले काही तंतू सायकलच्या आऱ्यांसारखे मध्यापासून कडेकडे जातात, काही गोल फिरतात. पडद्याचा ताण आणि लवचीकपणा दोन्ही या विणीतून येतात.

पडद्याचा थरथरणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर भरतो. त्याच्या मागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे ओळीने जोडलेली आहेत आणि रिकिबीचा तळवा अवघा सव्वातीन चौरस मिलिमीटरच्या जवळपास आहे. मोठ्या पडद्यावरचा सगळा दाब एका छोट्या तळव्यावर गोळा होतो, त्यामुळे तो सतरा पटींच्या घरात जातो. हाडांच्या तरफेची थोडी भर पडते ती वेगळीच. हवेतला आवाज अंतर्कर्णातल्या द्रवात शिरतो तो या युक्तीमुळे. ही युक्ती चालायची तर पडदा हलका हवा आणि त्याच्या मागे हवा हवी.

मागची हवा संपते तेव्हा सगळे बिघडते. नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे जाणारी कंठकर्णनलिका लहान मुलांत अरुंद आणि जवळपास आडवी असते. सर्दी झाली, नाकामागचे अ‍ॅडिनॉइड सुजले की ती मिटते. आतली हवा रक्तात शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून पाझरणारा द्रव साचू लागतो. पुढे तो डिंकासारखा चिकट होतो, म्हणून इंग्रजी बोलणारे डॉक्टर याला ‘ग्लू इअर’ म्हणतात. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नसतो. मूल फक्त टीव्हीचा आवाज वाढवते, हाक मारली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वळते, वर्गात ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळवते. शाळेच्या वयाआधी बहुतेक मुलांना हे एकदा तरी होऊन जाते आणि बहुतेकांचे तीन महिन्यांत आपोआप निवळते. ज्यांचे निवळत नाही आणि ऐकणे कमी राहते, त्यांच्यासाठी ग्रोमेट.

शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शकाखाली बघत, पडद्याच्या पुढच्या-खालच्या भागात दोन-तीन मिलिमीटरचा छेद देतात. मागच्या-वरच्या भागाला हात लावत नाहीत, कारण त्याच्या आड हाडांचे सांधे असतात. द्रव ओढून घेतात, कडी बसवतात. सगळे मिळून काही मिनिटे. मूल अनेकदा त्याच दिवशी घरी जाते.

आता तो डाग. कडी पडून गेल्यावर काही महिन्यांनी कानात दिवा घालून पाहिले, तर मोतिया-राखाडी, अर्धपारदर्शक पडद्यावर एखादी पांढरी चकती किंवा चंद्रकोर दिसते. भिंतीवर चुन्याचा फटकारा उडावा तशी. ही उपमा शब्दशः खरी आहे. मधल्या थरातले तंतू आधी काचेसारखे एकजीव होतात आणि मग त्यांत कॅल्शियम फॉस्फेटचे कण बसतात. डाग पडद्यापुरता असेल तर त्याला मायरिंगोस्क्लेरोसिस म्हणतात. मध्यकर्णातही पसरला तर टिंपॅनोस्क्लेरोसिस. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात अनेक अभ्यासांची आकडेवारी एका ठिकाणी मांडली गेली. ग्रोमेट गळून गेल्यावर सुमारे ३२ टक्के कानांत हा चुना आढळला, २५ टक्के कानांत पडद्याचा एखादा भाग पातळ पडलेला होता, आणि थोड्या मुदतीच्या ग्रोमेटनंतर २.२ टक्के पडद्यांत भोक कायमचे राहिले. मुद्दाम जास्त काळ टिकतील अशा नळ्या वापरल्या तेव्हा हे शेवटचे प्रमाण १६.६ टक्क्यांवर गेले. हे आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे एकमेकांशी भांडण लागणार आहे.

पडद्यावर चुना येतोच का? याचा एक सुरेख धागा १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या उमेओ इथल्या संशोधकांना सापडला. निरोगी मध्यकर्णातल्या हवेत ऑक्सिजन फार कमी असतो, बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी. अस्तर त्या कमतरतेत जगायला सरावलेले असते. पडद्याला भोक पडले की बाहेरची एकवीस टक्के ऑक्सिजनची हवा अचानक आत शिरते. त्यात जखमेमुळे सूज आलेली, पांढऱ्या पेशी जमलेल्या. अशा जागी ऑक्सिजनपासून अतिशय आक्रमक, अस्थिर रेणू तयार होतात आणि ते तंतूंची नासधूस करतात. खराब झालेल्या तंतूंवर कॅल्शियम बसते. उमेओच्या मंडळींनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पडद्यांना छेद दिले आणि काही उंदरांना जादा ऑक्सिजनच्या हवेत ठेवले. त्यांच्या पडद्यांवर डाग जास्त पडले. उलट बाजूने, हे आक्रमक रेणू शांत करणारी द्रव्ये पडद्यावर लावली तेव्हा डाग कमी पडले. त्यानंतर व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, एन-असेटिलसिस्टीन असे एकेक पदार्थ उंदरांच्या कानांवर आजमावले गेले. या प्रयोगांतली कल्पकता मला मनापासून आवडते. कानात हवा खेळती करण्यासाठी भोक पाडायचे आणि त्याच हवेने पडद्याला इजा व्हायची, ही गाठ त्यांनी उलगडून दाखवली.

याच रांगेत स्टेरॉइड येते, जरा वेगळ्या दाराने.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावूनही गुण येतो हे सिद्ध झाले. तेव्हापासून सूज जिथे नको तिथे स्टेरॉइड, असा वैद्यकाचा रिवाजच झाला. ही द्रव्ये पेशीच्या आत जाऊन जनुकांच्या पातळीवर काम करतात. सूज पेटवणाऱ्या रसायनांची निर्मिती रोडावते, पांढऱ्या पेशींची गर्दी ओसरते, आणि तंतू विणणाऱ्या पेशींचे मागही मंदावतात. पडद्यावरचा चुना म्हणजे सूज आणि बिघडलेले तंतू यांचीच निष्पत्ती असेल, तर छेद दिल्यावर लगेच पडद्यावर स्टेरॉइड घालावे, हा तर्क सरळ आहे. उंदरांवर तो तपासला गेला आणि स्टेरॉइड लावलेल्या पडद्यांवर डाग कमी पडल्याच्या नोंदी झाल्या.

इथे थांबून ‘मग घाला थेंब’ म्हणावेसे वाटते. मला तसे म्हणता येत नाही, त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण त्या मागांचे. तंतू विणणाऱ्या पेशी मंदावल्या की वण कमी होतो हे खरे, पण जखमही रेंगाळते. प्राण्यांवरच्याच प्रयोगांत हायड्रोकॉर्टिसोन लावलेल्या पडद्याचे भोक उशिरा बुजल्याचे दिसले आहे. बिचाऱ्या कूपरना हे औषध मिळाले असते तर त्यांनी आनंदाने वापरले असते. त्यांना भोक उघडेच ठेवायचे होते. आपल्याला ते योग्य वेळी बंद व्हायलाही हवे आहे.

शिवाय पडद्याची जखम भरण्याची तऱ्हा इतर कातडीसारखी नाही. गुडघा खरचटला की आधी खालून मांस भरते आणि मग वरून कातडी सरकते. पडद्याच्या मागे टेकायला काहीच नसते, नुसती पोकळी. तिथे बाहेरची कातडीच आधी पुढे सरसावून भोकावर पूल बांधते आणि मधला तंतूंचा थर मागाहून, जमेल तसा, येतो. पुष्कळदा तो नीट येतच नाही. मग तेवढा तुकडा दोनच थरांचा, पातळ आणि सैल राहतो. तो पंचवीस टक्क्यांचा आकडा याच तुकड्यांचा आहे. स्टेरॉइडचे मलम महिनोन्महिने लावले की कातडी पातळ पडते. रंग उजळवण्यासाठी दुकानातून आणून असली मलमे चेहऱ्याला चोपडणाऱ्यांची दशा त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतात. जो थर आधीच अपुरा विणला जातो आहे, त्याच्या विणकरांना औषधाने आणखी मंद करायचे, हे मला धोक्याचे वाटते. चुना कमी करण्याच्या नादात पातळपणा वाढला तर सौदा तोट्याचा आहे, कारण पातळ तुकडा आत ओढला जाऊन खिसा बनू शकतो आणि त्या खिशात कातडीचा मळ साचून हाड पोखरणारा कोलेस्टिॲटोमा तयार होऊ शकतो. पांढरा डाग असले काही करत नाही.

दुसरे कारण उंदरांचे. उंदराचा पडदा छेद देण्याआधी धडधाकट असतो आणि छेद आठ-दहा दिवसांत भरून येतो. औषध आठवडाभर घातले की त्याची सगळी कहाणी संपते. मुलाचा पडदा मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच कित्येक महिने चिकट द्रवात भिजून सुजलेला असतो, आणि नंतर वर्षभर त्या भोकातून हवा आत-बाहेर करत असते. आठवड्याच्या थेंबांनी वर्षभराच्या हवेला कसे तोंड द्यायचे? आणि वर्षभर स्टेरॉइड घालायचे तर पहिले कारण पुन्हा दारात उभे. मुलांच्या कानांत स्टेरॉइडच्या थेंबांनी चुना टळतो, हे खात्रीने सिद्ध झालेले नाही, ते अशा अडचणींमुळे.

तिसरे कारण सर्वांत साधे. तो डाग बहुतेक मुलांना काही त्रासच देत नाही. ऐकण्यात पडणारा फरक काही डेसिबलच्या आतला असतो, मुलाला किंवा आईबापांना जाणवेल असाही नसतो. ग्लू इअरमुळे जे वीस-तीस डेसिबल हरवलेले होते त्यापुढे तो नगण्य आहे. चुना मध्यकर्णात उतरून हाडांच्या सांध्यांवर बसला, रिकीब जागीच थिजली, तर मात्र ऐकू येणे चांगलेच कमी होते आणि तिथे शस्त्रक्रिया किंवा श्रवणयंत्र लागते. पण तो प्रकार वर्षानुवर्षे वाहिलेल्या कानांचा, ग्रोमेटनंतरच्या नीटस डागाचा क्वचितच.

कानात घालायच्या स्टेरॉइडला मग काहीच जागा नाही का? आहे, आणि चांगली भक्कम जागा आहे. ग्रोमेट असलेला कान वाहू लागला की प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचे मिश्र थेंब उत्तम काम करतात. नेदरलँड्समध्ये २३० मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन गट होते. एकाला हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रतिजैविकांचे थेंब, दुसऱ्याला तोंडाने प्रतिजैविक, तिसऱ्याला नुसतीच देखरेख. दोन आठवड्यांनी थेंबांच्या गटात ५ टक्के मुलांचे कान वाहत होते, तोंडी औषधाच्या गटात ४४ टक्के आणि देखरेखीच्या गटात ५५ टक्के. एवढा स्वच्छ निकाल वैद्यकात सारखा मिळत नाही. नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनपेक्षा सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन एकत्र दिल्याने अशा कानांचे वाहणे लवकर थांबते, हेही चाचणीत दिसले आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस हेच थेंब देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. कडी रक्ताने किंवा स्रावाने तुंबू नये हा तिचा हेतू. त्या चार-सहा दिवसांत पडद्याचा एखादा डाग टळला तर तो वरचा लाभ समजावा. डागासाठी म्हणून औषध लांबवू नये.

स्टेरॉइडबद्दलच्या आशेला चाचणीने लगाम घातल्याचे आणखी एक उदाहरण आहे. ग्लू इअरवर स्टेरॉइड तोंडाने द्यावे म्हणजे छेदच टळेल, असे अनेकांना वाटत होते. ब्रिटनमध्ये ३८९ मुलांना सात दिवस प्रेडनिसोलोन किंवा त्याच्यासारखे दिसणारे निष्क्रिय औषध देऊन पाहिले. २०१८ मध्ये निकाल आला. पाच आठवड्यांनी औषधाच्या गटातली ४० टक्के मुले नीट ऐकत होती, दुसऱ्या गटातली ३३ टक्के. हा फरक औषधाच्या पदरात टाकावा एवढा ठाम नव्हता. मला यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. काही न देता तिसरा हिस्सा मुले पाच आठवड्यांत सुधारली.

आपल्याकडे या विषयाला एक वेगळी, काळजीची बाजू आहे. कान ठणकला की लसूण घालून कोमट केलेले तेल, वाहिला की औषधांच्या दुकानातून कुठलीतरी बाटली, हा अनेक घरांचा शिरस्ता. त्या बाटलीत प्रतिजैविक, बुरशीनाशक, बधिर करणारे औषध आणि स्टेरॉइड असे चार घटक एकत्र असू शकतात. कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत कानात बुरशी धरते. स्टेरॉइड खाज थांबवते आणि बुरशीला मोकळे रान देते. पडद्याला भोक असेल तर जेन्टामायसिन किंवा निओमायसिनसारखी औषधे आत उतरून अंतर्कर्णाच्या पेशींना कायमची इजा करू शकतात. म्हणून मोठ्या भावाच्या वेळची उरलेली बाटली धाकट्याच्या ग्रोमेट असलेल्या कानात घालू नये, आणि तेल तर नाहीच नाही.

डॉक्टरांनी दिलेले थेंब मात्र नीट आत पोचायला हवेत. बाटली आधी दोन-चार मिनिटे मुठीत धरावी, कारण थंड थेंब अंतर्कर्णाला डिवचतात आणि मुलाला भोवंड येते. मुलाला कुशीवर निजवावे, थेंब सोडावेत आणि कानाच्या भोकापुढची जी छोटी कूर्चा असते ती बोटाने चार-पाचदा दाबून सोडावी. त्या दाबाने औषध कडीच्या भोकातून पलीकडे ढकलले जाते. मूल घशात कडू लागते अशी तक्रार करते, तेव्हा खुशाल समजावे की औषध मध्यकर्णातून कंठकर्णनलिकेने थेट घशापर्यंत पोचले.

कडी काढायला सहसा परत शस्त्रक्रिया लागत नाही. पडद्याची कातडी मध्यापासून कडेकडे सतत सरकत असते, दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे नख वाढते साधारण त्या गतीने. सरकता सरकता ती कडीला सैल करते आणि बाहेर लोटते. साधारण सहा महिने ते दीड वर्षात ती मळाबरोबर कानाच्या तोंडाशी येते. कधी उशीवर सापडते, कधी सापडतच नाही, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टर सांगतात की पडदा मिटला आहे, मूल नीट ऐकते आहे, आणि खाली पुढच्या बाजूला एक पांढरी चंद्रकोर आहे.